आधी टायर, मग थाट

मागच्या रविवारी सकाळी दारासमोर हॉर्न वाजला. बाहेर येऊन पाहतो तर माझा एक जुना विद्यार्थी, अल्टोच्या बॉनेटला टेकून उभा. आठ-दहा वर्षांपूर्वी वर्गात शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर गाड्यांची चित्रं काढायचा. आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि पै-पै जमवून ही जुनी अल्टो घेतलेली.

"सर, गाडी कशी दिसून राहिली?"

"छान आहे," मी म्हणालो.

"अजून कुठं छान! आता पाहा मी तिले स्पोर्ट्स कार बनवतो."

मग त्यानं बेत सांगितला. पंधरा इंची अलॉय, त्यावर १९५/५० आर १५ मापाचे रुंद टायर आणि चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून गाडी खाली बसवायची. खर्च पंचेचाळीस हजार. अब्बा पैसे द्यायला तयार नाहीत, तेव्हा "सर, तुमी बोला त्याईच्याशी, तुमचं ऐकतात" हे खरं काम होतं.

मी चहा होईपर्यंत थांब म्हणालो आणि खाली बसून टायर पाहिले. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला जवळजवळ गुळगुळीत. बाजूला कोरलेले चार आकडे वाचले. त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. टायर आठ वर्षांचे निघाले. याच गाडीतून तो दर महिन्याला अम्मीला दवाखान्यात दाखवायला नागपूरला नेतो, शिवणीवरून समृद्धीवर चढून. रात्री परत येतो.

वाचकहो, आजचा लेख त्या पंचेचाळीस हजारांबद्दल आहे. मला मेकॅनिक समजू नका. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पण या विषयाचं मला जुनं वेड आहे, आणि आपल्या गावातल्या पोरांचं काय चाललंय ते रोज डोळ्यांसमोर दिसतं.

सगळ्यात आधी सांगतो, मी शौकाच्या विरोधात नाही. आपल्याकडे मोठ्या माणसांना तरुणांचा कुठलाही शौक दिसला की लगेच "फिजूलखर्ची" आठवते. मला तसं वाटत नाही. वऱ्हाडात हलकी आणि वेगवान गाडी हा शौक नवीन नाही. आपल्या जवळच्या तळेगाव दशासरचा शंकरपट आठवा. पटाची गाडी म्हणजे वऱ्हाडाची स्पोर्ट्स कारच. तिच्यावर कुणी खाचराची साटी चढवत नाही, की लोखंडाची नक्षी लावत नाही. जे लागत नाही ते काढून टाकतात. उरतं काय, तर जोड, चाकं आणि हाकणारा.

इंग्लंडच्या लोटस कंपनीनं हेच तत्त्व मोटारीला लावलं. इंजिन मोठं करण्यापेक्षा वजन कमी करा, म्हणजे गाडी सरळ रस्त्यावरही पळते, वळणावरही आणि ब्रेकही लवकर लागतो. १९९६ साली आलेली त्यांची एलिझ गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास होती. आपल्याकडे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची उघड्या टपाची गाडी याच जातीची. फायबरची बॉडी आणि ११४९ सीसीचं साधं रेनो इंजिन, साठेक अश्वशक्तीचं. ती फार खपली नाही, पण विचार तोच होता.

आता गंमत पाहा. माझ्या विद्यार्थ्याची अल्टो साधारण सातशे किलोंची. त्याआधीची मारुती ८००, जी १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली, ती तर त्याहूनही हलकी. म्हणजे जगभरचे शौकीन ज्या हलकेपणासाठी लाखो रुपये मोजतात, तो हलकेपणा आपल्या मोहल्ल्यात सेकंड हँड भावात उभा आहे. मारुती ८०० चं इंजिन घेऊन भारतात फॉर्म्युला मारुती नावाच्या शर्यतीच्या एक आसनी गाड्या बनल्या, आणि पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला त्याच चालवत होता. तेव्हा अल्टोला हसू नका. प्रश्न एवढाच की तिच्याकडे जो गुण आधीच आहे, तो आपण पैसे देऊन घालवतो आहोत का?

हे समजायला एक साधी गोष्ट पुरते. गाडीचं वजन दोन भागांत असतं. एक भाग स्प्रिंगच्या वर, म्हणजे बॉडी, इंजिन, माणसं. दुसरा स्प्रिंगच्या खाली, म्हणजे रिम, टायर, ब्रेक, हब. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं की वर उडतं. त्याला परत रस्त्यावर दाबायचं काम स्प्रिंगचं, आणि ते उड्या मारत राहू नये हे पाहणं शॉकअपचं. चाक जेवढं जड, तेवढा परत यायला वेळ. तेवढा वेळ टायर हवेत, आणि हवेतल्या टायरला ना ब्रेक लागतो ना स्टेअरिंग. दीड टनाच्या गाडीत प्रत्येक चाकामागे तीन किलो वाढले तर ते पचून जातात. सातशे किलोंच्या गाडीत ते लगेच जाणवतात. चाक जड आणि बॉडी हलकी, म्हणजे चाकच बॉडीला हलवायला लागतं.

इथं बरीच पोरं फसतात. त्यांना वाटतं अलॉय म्हणजे हलकं. हलक्या धातूची, पण बारा इंचाच्या जागी पंधरा इंची रिम आणि वर रुंद टायर असा जोड मूळच्या लोखंडी चाकापेक्षा सहज जड भरतो. शिवाय वजन बाहेरच्या कडेकडे सरकतं, त्यामुळे चाक फिरवायला आणि थांबवायला इंजिनाला आणि ब्रेकला जास्त जोर लागतो.

चहा येईपर्यंत मी त्याला कागद-पेन आणायला लावला. मी भाषेचा शिक्षक असलो तरी एवढं गणित येतं.

त्याचा मूळ टायर १४५/८० आर १२. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६, आणि रिम १२ इंची. एक इंच २५.४ मिलिमीटर. रिम ३०४.८, त्यात दोन्ही बाजूंची उंची २३२ मिळवा. पूर्ण चाक साधारण ५३७ मिलिमीटर. आता १९५/५० आर १५ घ्या. रिम ३८१ आणि दोन्ही बाजू मिळून १९५. चाक ५७६. फरक सात टक्क्यांहून जास्त. म्हणजे मीटरचा काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी, मीटर आधी अचूक होता असं धरलं तर, १०७ ने पळत असेल. काटा ११२ वर, की गाडी समृद्धीची १२० ची हद्द गाठून बसली. चाक मोठं झाल्यामुळे चढावर इंजिन जड होणार ते वेगळंच. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे मोठ्या चाकामुळे गाडी वीसेक मिलिमीटर उंच होणार, आणि तीच खाली आणायला हा पठ्ठ्या स्प्रिंगा कापणार!

"म्हणजे एका दुकानात पैसे देऊन वर करू अन् दुसऱ्या दुकानात पैसे देऊन खाली?" तो स्वतःच हसला.

रुंद टायरचा फायदा काहीच नाही असं मी म्हणणार नाही. कोरड्या गुळगुळीत रस्त्यावर पकड थोडी वाढते. पण खुद्द एलिझच्या पुढच्या चाकांना १८५ मिलिमीटरचेच टायर होते. अल्टोला १९५ कशाला? आणि पावसात उलटं होतं. टायरच्या नक्षीचं काम म्हणजे खालचं पाणी बाजूला फेकणं. हलक्या गाडीखाली रुंद टायर असला की पाणी कापण्याऐवजी तो पाण्यावर चढतो आणि गाडी तरंगायला लागते. त्यात नक्षी झिजलेली असेल तर विचारूच नका. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर कायद्यानं बाद. खोबणींच्या आत छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की समजायचं.

आता स्प्रिंग. ज्यानं अकरावीत भौतिकशास्त्र वाचलं त्याला माहीत आहे की स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती कडक होते. सहा वेढ्यांतून एक काढला तर पाच उरले, कडकपणा वीस टक्के वाढला. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबानं बनलेला, तो या नव्या कडक स्प्रिंगला आवरू शकत नाही. चाकाला वर जायला जागाही कमी उरते, म्हणून मोठ्या खड्ड्यात थेट रबरी ठोकळ्यावर धक्का. चाकांचा कोन बदलतो आणि टायर आतल्या कडेनं झिजायला लागतात. गॅसनं कापली असेल तर उष्णतेनं पोलादाचं पाणीही उतरतं. एवढं सगळं कशासाठी, तर गाडी उभी असताना बरी दिसावी म्हणून.

आणि आपण राहतो कुठं? वऱ्हाडात. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर केलेला रस्ता किती जरी चांगला केला तरी दोन-चार वर्षांत लाटा मारतो. नांदगावहून बाहेर पडून कुठल्याही खेड्याच्या रस्त्याला लागा, पांदण रस्त्याचं तर नावच नको. अल्टोला कंपनीनं जमिनीपासून १६० मिलिमीटर उंची दिली आहे. ती इथं ऐट नव्हे, गरज आहे. शर्यतीच्या मैदानावर गाडी खाली बसवतात कारण तिथला रस्ता टेबलासारखा असतो. आपल्या रस्त्यावर चांगलं सस्पेन्शन म्हणजे चाकाला वर-खाली जायला भरपूर जागा आणि त्याला शांत करणारा ताजा शॉकअप.

दुसरीकडे आपल्या तालुक्यातून समृद्धी गेलाय. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता मुंबईच्या वेशीपर्यंत पोचला. आपण आयुष्यभर साठ-सत्तरच्या वेगानं गाड्या हाकलेली माणसं. अचानक १२० मिळाला. ८० वरून १२० वर गेलो तर वेग दीडपट होतो, पण गाडीतली ऊर्जा सव्वादोनपट. थांबायला लागणारं अंतरही त्याच प्रमाणात वाढतं. अल्टोचं छोटं चाक १२० च्या वेगाला सेकंदाला जवळजवळ वीस वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेरीत टायरची बाजू दबते आणि सुटते. हवा कमी असेल तर जास्त दबते, जास्त तापते. त्यात आपला मे महिना आणि खाली तापलेलं काँक्रीट. आठ वर्षांचं कडक झालेलं रबर हे किती वेळ सोसणार?

या रस्त्यावर अपघात झाला की पहिलं वाक्य येतं, "टायर फुटला." १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली, २५ माणसं गेली. तेव्हाही सुरुवातीला टायर फुटल्याचंच सांगितलं गेलं. पुढे परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालात टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचं आलं. मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, टायरवर खापर फोडणं सोपं असतं. दोन, टायर खरोखर फुटतो तेव्हाही तो बहुतेक वेळा आपोआप फुटत नाही. कमी हवा, जास्त ओझं, जुनं रबर, झिजलेली नक्षी यांतलं काहीतरी आधीपासून असतं आणि ते आपण पाहिलेलं नसतं. "नशीब" म्हणून सोडून देण्याआधी टायरची बाजू वाचावी, एवढी अपेक्षा चूक नाही. ऊंट आधी बांधा, मग तवक्कुल करा, ही शिकवण आपण घरोघरी सांगतो. टायरच्या बाबतीत मात्र ऊंट मोकळाच असतो.

कायद्याचंही बोललो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीत बदल होईल असे फेरफार मनमानी करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आली. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी गाडीचे फोटो पाहणार. कापलेली स्प्रिंग आणि बाहेर आलेले टायर पाहिल्यावर ती काय म्हणेल, हे सांगायला वकील नको.

मग करायचं काय? माझा क्रम असा आहे. आधी जे झिजलंय ते बदला. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, गळणारे शॉकअप. आतल्या कडेनं झिजलेला टायर हेच तर ओरडून सांगत असतो. मग चार नवे चांगले टायर, चारही एकाच मापाचे, आणि बाजूवरचा भाराचा आकडा पाहून. ७४ म्हणजे एका टायरला ३७५ किलो. त्यापुढचं अक्षर वेगाचं, टी म्हणजे १९० पर्यंत. मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासायची, तापलेल्या टायरची हवा काढायची नाही. एवढं झाल्यावर पैसे उरले आणि शौक उरला तर कंपनीनं त्याच घराण्यातल्या गाडीला दिलेलं माप पाहा. जुन्या अल्टो के-टेनला १५५/६५ आर १३ यायचे. हिशोब करा, चाक ५३२ भरतं. मूळच्या ५३७ शी फरक एक टक्क्याच्या आत. मीटर खरं बोलतो, टायर घासत नाही. त्यावर हलकी तेरा इंची अलॉय शोभून दिसते. पण तीही बोल्टांचं अंतर आणि रिमचा आत-बाहेरचा बसाव जुळत असेल तरच, आणि आरटीओला, विमावाल्याला विचारूनच.

हे सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग जे बोलला ते मला अजून टोचतंय.

"सर, टायर कोणाले दिसते? अलॉय दिसते. आपल्यासारख्याची गाडी रस्त्यावर उभी राहिली तर लोकं आधी कोण आहे ते पाहतात. चांगली दिसली तर बरं बोलतात."

याला माझ्याकडे गणितात उत्तर नव्हतं. इज्जतीची भूक खरी असते आणि ती आमच्या पोरांना जरा जास्तच लागते. आपल्या समाजातल्या किती घरांची चूल टायरच्या, पंक्चरच्या, गॅरेजच्या धंद्यावर पेटते! आणि "पंक्चरवाला" हा शब्द आम्हाला टोमणा म्हणून किती वेळा ऐकावा लागतो! टोमणा मारणाऱ्याचं सोडा. त्रास याचा होतो की हळूहळू आपणही त्या कामाला कमी समजायला लागलो. म्हणून पोरगा टायरपेक्षा रिमवर खर्च करतो.

मी मात्र शब्दांचा माणूस. गॅरेजमध्ये मुख्य कारागिराला "उस्ताद" म्हणतात. हाच फारसी-उर्दू शब्द मराठीत "वस्ताद" झाला आणि आखाड्यात मानानं बसला. शिक्षकालाही उस्तादच म्हणतात. आणि चाकाचं काम आपल्या गावगाड्यात कधी हलकं नव्हतं. लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी तापवून चढवायचे आणि पाणी मारून आवळायचे, तिला मराठीत "धाव" म्हणतात. किती नेमका शब्द! सुतार-लोहारांचं ते हुनर पाहायला आमचे आजोबा उभे राहायचे. नंतर रबरी टायरची डनलॉप गाडी आली आणि बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला. वऱ्हाडातलं टायर बदलण्याचं पहिलं पर्व तेच. त्यात थाट नव्हता, पण फरक बैलालाही कळला.

आज चाकाचा कोन मोजणारा, शॉकअप हातानं दाबून त्याचं आयुष्य सांगणारा, टायर कुठल्या कडेनं झिजला यावरून पूर्ण गाडीचा आजार ओळखणारा माणूस तालुक्याच्या रस्त्यावर बसलेला आहे. त्याच्याकडे इल्म आहे, कागद नाही. दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. टायरच्या बाजूवर टक्केवारी आहे, परिघ आहे, दाब आहे, स्प्रिंगमध्ये भौतिकशास्त्र आहे. पण आम्ही ते फळ्यावर आणलं नाही. आयटीआय, पॉलिटेक्निक, पुढे पुण्याची १९६६ पासूनची एआरएआय, जिथं देशातल्या गाड्या तपासल्या जातात, ही वाट कुणी त्या पोरांना दाखवली? इंजिनिअरिंगची मुलं बाहा आणि फॉर्म्युला भारतसाठी स्वतः हलक्या गाड्या बनवून पळवतात. आपला गॅरेजमधला पोरगा तिथं का नसावा? त्याचा हात तर आधीच तयार आहे.

आणि एक कबुली. त्याला एवढं भाषण दिल्यावर संध्याकाळी मी माझ्या गाडीची स्टेपनी काढून पाहिली. अकरा वर्षांची निघाली. हवा नाही, आणि बाजूला भेगा. मीच कधी वाकून पाहिलं नव्हतं.

त्याच्या अब्बांशी मी बोललो, पण टायरसाठी. बारा-तेरा हजारांत चार टायर, वर बुश, पुढचे दोन शॉकअप आणि अलाइनमेंट. पंचेचाळीसच्या निम्म्यापेक्षा कमीत काम झालं. परवा अम्मीला घेऊन नागपूरला जाऊन आला. येताना बडनेऱ्याकडून जोरात पाऊस होता म्हणे. "सर, स्टेअरिंग असं हातात राहिलं की गाडी दुसरीच वाटून राहिली." अलॉयचं भूत उतरलेलं नाही. दिवाळीनंतर तेरा इंची घेणार म्हणतो. घेऊ दे. आता माप त्याला पाठ आहे.

तुम्हीही आज दारात उभ्या असलेल्या गाडीजवळ जा. खाली वाका. चार आकडे वाचा, आतली कड हातानं चाचपून पाहा. आणि जो उस्ताद तुमची हवा भरतो, त्याचं नाव विचारलं नसेल तर विचारून घ्या.